पोळ्याचे बैल आणि मिठाची कणीक: एका बालवाडीतलं प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिक शहराच्या कडेच्या एका वस्तीतली ही बालवाडी. तीन ते साडेपाच वर्षांची वीस-बावीस मुलं, त्यांना शिकवणारी ताई, मदतनीस मावशी आणि हिशेब-कार्यक्रम बघणाऱ्या संचालिका बाई. ओळख पटू नये म्हणून काही किरकोळ तपशील बदलले आहेत. बालवाड्यांना हस्तकलेचं साहित्य निवडायला मदत करणं हे माझं काम. या प्रकरणात मी आले ती पहिला गोंधळ होऊन गेल्यावर, त्यामुळे सुरुवातीचा भाग ताई आणि मावशींनी सांगितल्याप्रमाणे लिहिते आहे.

श्रावणातल्या अमावास्येला पोळा. ज्यांच्या घरी खिल्लारं नाहीत ते बाजारातून मातीचे बैल आणून पाटावर पुजतात. बाईंच्या मनात आलं की यंदा प्रत्येक मुलाने आपला बैल आपणच करावा आणि तोच घरच्या पूजेला लागावा. कल्पना उत्तमच. कुंभाराकडची माती आणायची तर आधी सांगून ठेवावं लागतं, वर्ग बरबटतो, आणि न भाजलेल्या बैलाची शिंगं घरी पोचेपर्यंत मोडतात, असा त्यांचा अनुभव होता. मोबाइलवर त्यांनी मिठाच्या कणकेचे व्हिडिओ पाहिले होते: मैदा, मीठ, पाणी, मळा, घडवा, वाळवा, रंगवा. सगळं सामान कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळतं. ठरलं.

ते व्हिडिओ कोरड्या हवेत, घरात ओव्हन असलेल्या लोकांनी केलेले होते. इथे श्रावणझडी लागलेली, आणि बालवाडीत एक गॅसची शेगडी आणि दोन पंखे.

पहिला दिवस

मावशींनी दोन वाट्या मैद्याला एक वाटी मीठ या मापाने कणीक मळली. मीठ जाडं घेतलं, कारण ते स्वस्त आणि घरात होतंच. खडे विरघळतील म्हणून पाणी कोमट करून घातलं. खडे काही विरघळले नाहीत. गोळा हाताला खरखरीत लागत होता आणि वळताना चिरा पडत होत्या. एका मुलीच्या बोटाला आदल्या दिवशी पत्र्याने कापलं होतं. गोळा दाबताच ती किंचाळून उठली, आणि मग डास चावलेलं खाजवून ठेवलेल्या आणखी दोघांनीही हात झटकले.

तरी मुलं रमली. चार पाय, वशिंड, शिंगं, शेपूट असे बैल उभे राहिले. त्या गडबडीत साडेतीन वर्षांच्या एका मुलाने सुपारीएवढा तुकडा तोंडात टाकला आणि गिळला. दुसरा घास घेताना ताईचं लक्ष गेलं. थोड्या वेळाने त्याला उलटी झाली आणि तो पाणी पाणी करू लागला. मुलांना न्यायला आलेल्या पालकांतलं कुणीतरी म्हणालं, "मिठाचं पाणी पाजा, सगळं बाहेर पडेल." ताईने ते ऐकलं नाही. चुळा भरायला लावल्या, साधं पाणी घोटाघोटाने दिलं, त्याच्या आईला बोलावलं आणि दोघी त्याला घेऊन दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांनी तपासलं, काही वेळ बसवून ठेवलं आणि काय काय बघायचं ते सांगून घरी सोडलं. मूल संध्याकाळी खेळत होतं.

बैल रात्रभर पंख्याखाली ठेवले होते. सकाळी ताईने दार उघडलं तेव्हा बहुतेक बैल पोटावर बसलेले होते. पाय बाहेरच्या बाजूला फाकलेले, खालच्या वर्तमानपत्रावर ओले डाग, आणि पाठीवर दव पडल्यासारखे थेंब. वाळायचं सोडून ते रात्रीत आणखी ओले झाले होते.

अडचण कुठे होती

बाईंना वाटत होतं की अडचण वाळवण्याची आहे, ताईला वाटत होतं की लक्ष ठेवण्याची. माझ्या मते दोन्हींच्या मुळाशी मीठच होतं, म्हणून इथे जरा थांबते.

दोनास एक हे माप वाटीचं आहे. वजनाला बघितलं तर चित्र पालटतं. बारीक मीठ मैद्यापेक्षा कितीतरी जड. साधारण २५० ग्रॅम मैद्याला २८० ग्रॅम मीठ आणि २०० मिली पाणी असा हिशेब बसतो, म्हणजे मीठ मैद्याहून जास्त. तयार गोळ्यात सदतीस-अडतीस टक्के मीठ! सुपारीएवढ्या पाच ग्रॅमच्या तुकड्यात जवळजवळ दोन ग्रॅम, लिंबाएवढ्या पंचवीस ग्रॅमच्या गोळ्यात नऊ-साडेनऊ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात मिळून पाच ग्रॅमहून कमी मीठ खायला सांगते. लहान मुलांसाठी ही मर्यादा आणखी खाली. "घरचंच तर सामान, खाल्लं तर काय होतंय" हे वाक्य बालवाड्यांत फार ऐकू येतं. मिठाच्या कणकेला ते लागू नाही.

गरम पाण्याचं म्हणाल तर १०० मिली पाण्यात मीठ विरघळतं ३६ ग्रॅमच्या आसपास, आणि पाणी उकळतं घेतलं तरी ३९च्या पुढे फारसं जात नाही. म्हणजे वरच्या मापात पाऊण हिस्सा मीठ विरघळणारच नाही, ते कणाकणानेच गोळ्यात राहणार. म्हणून मीठ बारीक हवं, मिक्सरमधून काढलेलं असलं तर फारच छान. जाड्या मिठाची आणखी एक खोड अशी की वाटीत खड्यांमध्ये पोकळी राहते, आणि वाटी भरली तरी वजनाला मीठ कमी पडतं.

आता वाळण्याचं. हवेतली आर्द्रता साधारण पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध मीठसुद्धा हवेतलं पाणी ओढून पाझरायला लागतं. जाड्या समुद्री मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते तर याच्याही कितीतरी खाली पाणी धरतात. पावसाळ्यात मिठाची बरणी का ओलावते हे घराघरात माहीत आहे, पण बैलात तेच मीठ एक तृतीयांशाहून जास्त आहे हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. श्रावणातल्या रात्री पंखा लावणं म्हणजे दमट हवाच बैलांवर सोडणं.

तुकडा खाण्याचं कारण मात्र शेगडीजवळ सापडलं. महिन्यापूर्वी, दिव्याच्या अमावास्येला, याच बालवाडीत याच मावशींनी याच परातीत गूळ घालून कणीक मळली होती. मुलांनी दिवे वळले, ते वाफवले आणि तुपाशी खाल्ले. साडेतीन वर्षांच्या मुलाने त्या परातीतला गोळा पाहून तो खायचा आहे असं मानलं तर चुकलं कुठे? "खारट लागलं की मूल थुंकून टाकेल" हा भरवसाही आपल्याकडे कच्चा आहे. आपली पोरं कैरीला मीठ लावून चोखतात, चिंचेबरोबर चाटतात. खारट त्यांना आवडतं.

पालकांचं म्हणणं

दोन दिवसांनी पालकसभा झाली. ज्याने तुकडा खाल्ला त्याची आई शांत होती. तिला एवढंच हवं होतं की पुन्हा असं होऊ नये. आवाज चढला तो एका आजींचा. "रेशनच्या धान्यासाठी रांगेत उभं राहायचं आणि इथे किलोकिलो मैदा खेळायला? अन्न आहे ते." त्यांच्या म्हणण्याला दोन-तीन घरांनी मान डोलावली. हा आक्षेप भावनेचा म्हणून बाजूला सारण्यासारखा नव्हता. या वस्तीत महिनाअखेर ओढाताण असतेच.

आणखी एका आईने सांगितलं की तिच्या मुलीला गहू चालत नाही. ही माहिती प्रवेशाच्या फॉर्मवर लिहिलेली होती, पण हस्तकलेच्या तासाला तो फॉर्म कोण बघतो?

पर्याय

पहिला पर्याय म्हणजे हे सगळं सोडून बाजारातून बैल आणायचे आणि मुलांना फक्त रंगवायला द्यायचे. सुरक्षित आणि स्वस्त. बाईंना तो पटेना, कारण मुलांनी घडवणं हाच मूळ हेतू होता.

दुसरा, शाडू. माझं मत याच बाजूला होतं आणि अजूनही आहे. उभा, गोलसर, पावसाळ्यात करायचा बैल हे मातीचं काम. तीही हळू वाळते, पण हवेतलं पाणी ओढून पाझरत नाही. मात्र मुलांची एक खेप बिघडली होती आणि बाईंना घरी नेता येईल अशी कडक वस्तू हवी होती.

तिसरा, कणीकच ठेवायची पण मैद्याऐवजी चक्कीवरचं झाडण वापरायचं, म्हणजे आजींचा आक्षेप सुटेल. ताईने चक्कीवाल्याकडून सांडलेलं पीठ आणून पाहिलं. त्यात गव्हाबरोबर ज्वारी, बाजरी, बेसन सगळंच होतं. चाळल्यावर खालीही बारीक कचकच राहिली. मळलं तर गोळा धरेना, शिंग ओढलं की तुटून हातात. गव्हाच्या पिठाला जी तार येते ती ज्वारी-बाजरीला येत नाही. शेवटी निम्मं झाडण आणि निम्मा मैदा असं केल्यावर गोळा जमला. शिवाय एका दुकानदाराने मुदत उलटलेली मैद्याची दोन पाकिटं फुकट दिली. आजी त्यावर म्हणाल्या, "मग चालेल."

चौथा मावशींनी सुचवला: कणकेत कडुलिंबाच्या पाल्याचा रस घालायचा, कडू लागलं की कुणी खाणार नाही. डोकं चांगलं चालवलं होतं. मी तरी नको म्हटलं. पोटात जाऊ नये अशा वस्तूत पोटात जाऊ नये अशी आणखी एक वस्तू घातल्याने मूल सुरक्षित होत नाही, आणि मोठ्यांचं लक्ष मात्र सैल होतं.

काय केलं

चार वर्षांखालच्या मुलांना मिठाची कणीक द्यायचीच नाही असं ठरलं. ओळखीच्या कुंभाराने थोडी मळलेली माती दिली, त्यावर ती खूश झाली. गहू न चालणाऱ्या मुलीचं वय पाच, तरी तीही मातीच्याच गटात गेली. तिला वेगळं बसवल्यासारखं वाटू नये म्हणून तिला त्या गटाची "कुंभारीण ताई" केलं. ही युक्ती ताईची.

मोठ्यांसाठी कणीक मळतानाच पाण्यात निळा रंग कालवला. निळा गोळा कुणालाही पोळीचा वाटत नाही. परात वेगळी, जागा शेगडीपासून लांब, आणि बसण्याआधी पोटभर खाऊ. हाताला कापलेलं किंवा फोड असलेल्यांनी त्या दिवशी फक्त साचे आणि काड्या मांडायच्या.

बैलाचा आकार बदलला, आणि सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडला. उभा बैल सोडून बसलेला नंदी करायचं ठरलं. पाय अंगाखाली दुमडलेले, पोट सपाट, म्हणजे फाकायला काही उरतच नाही. मोठ्या गोळ्याच्या पोटात खालून अंगठा दाबून खळगा करायचा, कुठेही करंगळीहून जास्त जाडी राहू द्यायची नाही. शिंगांच्या आत खराट्याच्या काडीचा तुकडा. वशिंड चिकटवताना दोन्हीकडे काडीने ओरखडे, त्यावर पाण्याचं बोट आणि मग दाब. एका मुलाने नंदीच्या कपाळावर लसूण पिळायच्या चिमट्याच्या जाळीतून काढलेल्या कणकेचे केस लावले. ते बघून सगळ्यांनाच केस हवे झाले आणि उरलेला तास त्यातच गेला.

वाळवण्याचा प्रश्न बेकरीने सोडवला. दिवाळीत या वस्तीतल्या बायका नानकटाईचं पीठ मळून पत्र्यावर मांडतात आणि त्याच बेकरीतून भाजून आणतात, त्यामुळे ओळख जुनी. बेकरीवाल्या चाचांनी रात्रीचा टोस्टचा घाणा निघाल्यावर लाकडाची भट्टी निवत असताना नंदी ठेवायला परवानगी दिली. अट एकच, त्यांचे पत्रे मिळणार नाहीत. "मीठ लोखंड खातं," ते म्हणाले. जुन्या ताटल्या नेल्या. चाचांनी चिमूटभर मैदा भट्टीच्या तळावर टाकला. तो लगेच काळा पडला, तेव्हा म्हणाले, अजून नाही. बऱ्याच वेळाने टाकलेला मैदा सावकाश पिवळसर झाला आणि मग ताटल्या आत गेल्या. ओव्हन असेल तर १०० अंशांच्या आसपास दोन-तीन तास हा साधारण हिशेब. आच जास्त झाली की आतलं पाणी वाफ होऊन फुगे धरतं.

सकाळी निघालेले बहुतेक नंदी कडक होते, टिचकी मारली की ठण्ण वाजत होते. ज्यांच्या पोटात खळगा नीट झाला नव्हता त्यांची पाठ तडकली. तडा कणकेच्याच पातळ लगद्याने भरला. दुसऱ्या दिवशी पोस्टर रंग, पाणी जेमतेम, कारण ओल्या ब्रशने वरचं मीठ पुन्हा सुटतं. मुलं घरी गेल्यावर ताईने गॅलरीत बसून व्हार्निशचे दोन हात दिले.

पोळ्याच्या आदल्या दिवशी उरलेला गोळा मावशी दारातल्या गाईपुढे ठेवायला निघाल्या होत्या. उरलेली कणीक गाईला घालणं हा हातचा नेम. ताईने अडवलं. एवढं मीठ जनावरालाही बाधतं, कुत्र्याला तर थोडंही भारी पडू शकतं. गोळा पिशवीत बांधून घंटागाडीत गेला.

काय झालं

पोळ्याला प्रत्येक घरी मुलाचा बैल होता, मातीचा किंवा कणकेचा. मुलांच्या बाजूने बघाल तर बेत साधला.

पुढचा आठवडा संमिश्र गेला. व्हार्निश वरून झालं, पण काही नंदींच्या पोटाखाली ब्रश पोचलाच नव्हता. ते खालून पाझरले आणि पाटावर ओलं वर्तुळ उमटलं. पूजेत ओली हळद-कुंकू लागली त्या घरांत कुंकवाचे ओघळ नंदीच्या गळ्यापर्यंत आले. एका मुलाने विचारलं, बैल रडतोय का? काहींच्या अंगावर मिठाची पांढरी भुरी आली. पूर्ण वाळलेले आणि चहूबाजूंनी व्हार्निश लागलेले मात्र टिकले.

अनपेक्षित तक्रार एकच आली. एका घरी पूजेनंतर नंदी तुळशीच्या कुंडीत ठेवला, मातीचा ठेवतात तसाच. पावसात तो विरघळला, मीठ मातीत उतरलं आणि तुळस मान टाकायला लागली. कुंडीतली माती बदलून, भरपूर पाणी सोडून ती वाचली. मूर्ती आणि बैल मातीत किंवा पाण्यात सोडायची आपली रीत मातीच्या वस्तूंसाठी आहे. नंदी घरी पाठवताना ही सूचना सोबत जायला हवी होती, ती गेली नाही.

वेगळं काय करता आलं असतं

ऋतू. माझ्या मते सगळ्यात मोठा निर्णय हाच होता आणि तो कुणी निर्णय म्हणून घेतलाच नाही. मिठाची कणीक ऑक्टोबरच्या उन्हापासून संक्रांतीपर्यंत नाशिकमध्ये सरळ गच्चीवर वाळते, भट्टीची मनधरणी लागत नाही. त्या काळात सपाट वस्तू कराव्यात: आकाशकंदिलाला लटकन, तोरणाची पानं, हाताचा ठसा. पणती मात्र करू नये. तेल मुरतं, आणि अशा वाळलेल्या पिठाच्या वस्तूत वात पेटवायची नसते.

आधी एकच नमुना. वीस मुलांपुढे परात ठेवण्यापूर्वी मोठ्याने एक बैल करून दोन रात्री बाहेर ठेवला असता तर पाय आधीच बसले असते आणि मुलांचे बैल वाचले असते.

दवाखान्याचा निर्णय बरोबर होता आणि तो बालवाडीच्या भिंतीवर लिहून लावायला हवा. मुलाने कणीक खाल्ली तर चुळा, घोटाघोटाने साधं पाणी, डॉक्टरांना फोन, आणि किती खाल्लं याचा अंदाज. उलट्या थांबत नसतील, तहान भागत नसेल, मूल सुस्तावलं किंवा झटके आले तर थेट रुग्णालय. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची नाही, कधीच. आधीच जे जास्त झालंय तेच आणखी पोटात जातं. त्या दिवशी ताईऐवजी नवखी मुलगी असती आणि चार मोठी माणसं आग्रह करत असती तर काय झालं असतं, हा विचार अस्वस्थ करतो.

निळ्या रंगाबद्दल ताईचं आणि माझं जमलं नाही. ती म्हणते, रंगामुळेच दुसऱ्या खेपेला कुणी तोंडात घातलं नाही. मला वाटतं, साडेतीन-चार वर्षांची मुलं गटातच नव्हती, म्हणून. दोन्ही बदल एकाच दिवशी केल्याने कशाने काम झालं ते सांगता येत नाही, आणि कुठला एक सोडून बघावा असं दोघींनाही वाटत नाही.

त्या वर्षी दिवाळीआधी बालवाडीने उरलेल्या पाकिटाच्या मैद्याची लटकनं केली. लाटण्याने पातळ लाटून वाटीच्या कडेने कापली, भोक पाडलं, गच्चीवर जाळीवर पसरली, दुपारी एकदा उलटली. चार वर्षांखालच्यांना तेव्हाही कणीक नव्हती, त्यांच्याकडे दोरा ओवायचं काम. पुढच्या पोळ्यासाठी बाईंनी आषाढातच कुंभाराला मातीचं सांगून ठेवलं.